केव्हा वाजायचे? – सिंथेसायझरमधील शून्य आणि एकची वाहतूक

पेटीची एक पट्टी आपण दाबतो तेव्हा आपले बोट एकाच वेळी दोन गोष्टी सांगत असते. एक म्हणजे कोणता स्वर हवा, आणि दुसरी म्हणजे तो केव्हा सुरू व्हावा व केव्हा थांबावा. पट्टी एकच आणि हालचालही एकच, त्यामुळे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. मॉड्युलर सिंथेसायझर या विजेवर चालणाऱ्या वाद्यात मात्र त्या मुद्दाम वेगळ्या केलेल्या असतात. 'कोणता?' याचे उत्तर एका तारेतून येते आणि 'केव्हा?' याचे दुसऱ्या तारेतून. पहिल्या तारेतील विद्युतदाब कमीजास्त कितीही असू शकतो. दुसरीत दोनच शक्यता असतात : आहे किंवा नाही, म्हणजेच १ किंवा ०.

या लेखात आपण दुसऱ्या तारेचा माग काढू. तिच्यातला संकेत कुठे कुठे वाटता येतो, दोन संकेत एकत्र करता येतात का, आणि वाजवता वाजवता एका संकेतावरून दुसऱ्यावर जायचे झाले तर काय घडते, हे प्रश्न आहेत. बारावीच्या वर्गात सत्यता सारणी शिकवताना 'याचा उपयोग काय?' असे विचारणारा विद्यार्थी भेटतोच. त्याला सारणी कानाने ऐकवता येते, हेही शेवटी पाहू.

सुट्या भागांचे वाद्य

१९६० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला या दोघांनी स्वतंत्रपणे असे सिंथेसायझर तयार केले. वाद्य म्हणजे एक अखंड यंत्र नव्हे, तर एकेक काम करणाऱ्या सुट्या घटकांची मांडणी. या घटकांना मॉड्यूल म्हणतात. एक मॉड्यूल कंपने निर्माण करते, दुसरे त्यातील काही कंप्रता गाळते, तिसरे आवाज लहानमोठा करते. यांची जोडणी वाजवणाऱ्याने स्वतः तारांनी करायची. दोन टोकांना पिना असलेल्या या तारा आणि त्यांची भोके म्हणजे जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरच्या फळ्याचीच पुढची पिढी होय.

मूगच्या पद्धतीत स्वराचा नियम असा : विद्युतदाब १ व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने वर जातो. सप्तकात बारा स्वर, म्हणून लगतच्या दोन स्वरांत १/१२ व्होल्ट, म्हणजे सुमारे ८३ मिलिव्होल्टचा फरक. इतकी नाजूक मोजणी असलेली तार वेगळी ठेवलेली बरी. १९७० च्या दशकात सर्ज चेरेपनिन यांनी केलेल्या सिंथेसायझरमध्ये तर भोकांनाही रंग दिले होते : ध्वनीसाठी काळा, बदलत्या दाबासाठी निळा आणि शून्य-एकच्या स्पंदांसाठी लाल.

आपल्या देशाचाही या इतिहासाशी संबंध आहे. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली मूगचा मॉड्युलर सिंथेसायझर बसवण्यात आला. त्या कामी अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांची मदत झाली होती. गीता साराभाई आणि इतर काही भारतीय रचनाकारांनी त्यावर काम केले. तिथल्या ध्वनिफितींतील निवडक रचना २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या आहेत.

पुढे १९९५ मध्ये जर्मनीच्या डीटर डोप्फर यांनी ए-१०० ही मालिका आणली. तिचे मोजमाप अनेक उत्पादकांनी उचलले आणि 'युरोरॅक' या नावाने ते रूढ झाले. आज निरनिराळ्या कारखान्यांची मॉड्यूल एकाच चौकटीत शेजारी शेजारी बसतात.

पातळी आणि कड

'केव्हा?' सांगणाऱ्या संकेताचे दोन प्रकार आहेत. पट्टी दाबून धरली की दाब शून्यावरून, समजा, ५ व्होल्टवर जातो आणि बोट उचलेपर्यंत तिथेच राहतो. याला 'गेट' म्हणतात. दुसरा प्रकार 'ट्रिगर'. त्यात दाब क्षणभर, काही मिलिसेकंदच वर जातो आणि लगेच खाली येतो. दाराची कडी वाजवणे आणि दार उघडून धरणे यांत जो फरक, तोच ट्रिगर आणि गेटमध्ये.

ट्रिगर स्वीकारणारी मॉड्यूल १ किती वेळ टिकला याकडे पाहत नाहीत. ती पाहतात तो ० चा १ होण्याचा क्षण. या क्षणाला आपण 'चढती कड' म्हणू, आणि १ चा ० होण्याच्या क्षणाला 'उतरती कड'. गेट स्वीकारणारे मॉड्यूल चढत्या कडेला स्वर सुरू करते, १ असेपर्यंत तो टिकवते आणि उतरत्या कडेला सोडून देते. पातळी वेगळी आणि कड वेगळी, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवू. पुढच्या साऱ्या गमती आणि अडचणी तिच्यातूनच निघतात.

वाटणे सोपे, जोडणे अवघड

एकच संकेत चार मॉड्यूलना द्यायचा आहे. देता येईल का? आउटपुटच्या मार्गात साधारण १ किलोओहम रोध आणि प्रत्येक इनपुटचा रोध १०० किलोओहम आहे असे समजू. असे आकडे पुष्कळ मॉड्यूलमध्ये आढळतात. एक इनपुट जोडले तर त्याला ५ × १००/१०१ म्हणजे ४.९५ व्होल्ट मिळतील. चार इनपुट समांतर जोडले की त्यांचा एकत्रित रोध २५ किलोओहम होतो आणि दाब ५ × २५/२६, म्हणजे सुमारे ४.८ व्होल्ट. फरक नगण्य आहे. ४.८ व्होल्ट म्हणजे १ च. स्वराच्या तारेत मात्र एवढी घट दोन स्वरांच्या अंतराएवढी भरली असती! शून्य-एकच्या पद्धतीचा पहिला फायदा इथे दिसतो : थोडी झीज झाली तरी अर्थ बदलत नाही.

आता उलट करू. दोन आउटपुट एकाच इनपुटला हवे आहेत. दोघांपैकी कोणीही सांगितले तरी ढोल वाजावा. मग दोन्ही तारा एकत्र बांधल्या तर? पहिला आउटपुट ५ व्होल्टवर असेल आणि दुसरा ० वर, तर दोघांत ओढाताण होईल. प्रत्येकाच्या मार्गात १ किलोओहम रोध असल्याने जोडावर २.५ व्होल्ट दिसतील. हे १ आहे की ०? घेणाऱ्या मॉड्यूलचा उंबरठा २ व्होल्टला असेल तर १, आणि ३ व्होल्टला असेल तर ०. एकाच जोडणीवर एक मॉड्यूल वाजेल आणि दुसरे गप्प बसेल. रोध फारच कमी असतील तर प्रवाह वाढून घटक बिघडण्याचीही शक्यता असते.

यावर उपाय आहे डायोडचा. डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. प्रत्येक आउटपुटपुढे एक डायोड लावला की ५ व्होल्टचा आउटपुट जोडाला वर उचलतो, पण ० वरचा आउटपुट त्याला खाली ओढू शकत नाही. डायोडवर सुमारे ०.६ व्होल्ट खर्च होतात, उरलेले ४.४ व्होल्ट १ म्हणायला पुरेसे असतात. दोन डायोड आणि एक रोध मिळून 'किंवा' हे तर्कद्वार तयार झाले. (इंग्रजीत या द्वारालाही 'गेट' च म्हणतात. वर सांगितलेला गेट हा संकेत आणि हे गेट म्हणजे मंडल. शब्द एक असला तरी गल्लत करू नये.)

मूग यांच्या सुरुवातीच्या वाद्यांत याहून वेगळी युक्ती होती. तिथे 'वाज' असा हुकूम दाब वर नेऊन दिला जात नसे, तर तार शून्याशी जोडून दिला जाई. एरवी तार रोधातून वर उचललेली असे. एखादे बटण दाबले की ती खाली ओढली जाई. ही पद्धत 'एस-ट्रिगर' नावाने ओळखली जाते. तिच्यात तारा सरळ एकत्र बांधल्या तरी ओढाताण होत नाही, कारण वर ढकलणारा कोणीच नाही. सगळे खालीच ओढणारे. एस.टी.च्या गाडीतली घंटीची दोरी आठवावी. पुढच्या दाराशी ओढा की मागच्या, घंटी एकच वाजते.

यात गणिताचा एक नियमही लपलेला आहे. तार वर असते केव्हा? पहिले बटण सुटे आहे आणि दुसरेही सुटे आहे तेव्हा. तार खाली असते केव्हा? पहिले दाबले आहे किंवा दुसरे दाबले आहे तेव्हा. एकाच तारेकडे वरून पाहिले तर 'आणि', खालून पाहिले तर 'किंवा'. हाच डी मॉर्गनचा नियम. हे ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्याकडे मदुराईत जन्मले होते.

तर्कद्वारे कानाने ऐकू

जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये विचारांच्या नियमांना बीजगणिताचे रूप दिले. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी आपल्या प्रबंधात दाखवले की रिले आणि स्विच यांची मंडले याच बीजगणिताने मांडता येतात. सिंथेसायझरमधले तर्काचे मॉड्यूल म्हणजे तेच बीजगणित, फक्त उत्तर कानाला मिळते.

१२ ठोक्यांचे एक आवर्तन घेऊ. संकेत 'क' दर तिसऱ्या ठोक्याला १ होतो आणि 'ख' दर चौथ्या. दोन्ही पहिल्या ठोक्यापासून सुरू करू.

क : १ ० ० १ ० ० १ ० ० १ ० ०
ख : १ ० ० ० १ ० ० ० १ ० ० ०
क आणि ख : १ ० ० ० ० ० ० ० ० ० ० ०
क किंवा ख : १ ० ० १ १ ० १ ० १ १ ० ०
दोघांपैकी एकच : ० ० ० १ १ ० १ ० १ १ ० ०

'आणि' फक्त पहिल्या ठोक्याला बोलते. पुन्हा बोलेल ते तेराव्या ठोक्याला, कारण ३ आणि ४ यांचा लसावि १२ आहे. तबल्याच्या भाषेत त्याने सम दाखवली. 'किंवा' सहा वेळा बोलते : ४ + ३ – १ = ६. संचांच्या संयोगातील घटक मोजण्याचे सूत्र ते हेच. शेवटच्या ओळीतून सम वगळली गेली आणि पाच ठोके उरले. ही शेवटची क्रिया आपल्या घरातही असते. जिन्याच्या खाली आणि वर एकेक बटण असते आणि दिवा दोन्हींपैकी कोणत्याही बटणाने चालू-बंद करता येतो. तिथे दिवा हेच उत्तर देत असतो.

आता एक कोडे. 'किंवा'च्या ओळीत सहा १ आहेत, मग ढोल सहा वेळा वाजेल का? ठोक्याचा १ पुढचा ठोका येईपर्यंत टिकत असेल तर नाही वाजणार. चौथा आणि पाचवा ठोका लागून आहेत. चौथ्याचा १ संपायच्या आत पाचव्याचा १ सुरू झाला, म्हणजे मधे ० आलाच नाही. ० नाही तर चढती कडही नाही. तसेच नवव्या आणि दहाव्याचे. ढोल चारदाच वाजेल! पातळ्या मोजल्या तर सहा, कडा मोजल्या तर चार. उपाय सोपा आहे. मूळ लय देणारे जे मॉड्यूल असते, त्याला 'क्लॉक' म्हणतात. त्याचा संकेत प्रत्येक ठोक्याच्या पूर्वार्धात १ आणि उत्तरार्धात ० असतो. आपली ओळ आणि क्लॉक यांना 'आणि'मधून नेले की प्रत्येक ठोक्याच्या उत्तरार्धात ० येतो आणि चिकटलेले ठोके सुटे होतात.

आठवण ठेवणारे मंडल

'आणि', 'किंवा', 'नाही' या द्वारांना स्मरणशक्ती नसते. आत्ता समोर काय आहे एवढेच ती पाहतात. दर तिसरा किंवा चौथा ठोका निवडायचा तर मोजावे लागते, आणि मोजायचे तर मागचे लक्षात ठेवावे लागते. या कामासाठी 'फ्लिप-फ्लॉप' हे मंडल असते. आपल्या खिशातला बटणाचा बॉलपेन हा त्याचा नमुना समजावा. बटण एकदा दाबले की निब बाहेर, पुन्हा दाबले की आत. दोन दाबांमागे निब एकदाच बाहेर येते, म्हणजे पेनने दोनने भाग दिला. असे फ्लिप-फ्लॉप एकापुढे एक जोडले की २, ४, ८, १६ असे भाग पडत जातात. डोप्फरच्या ए-१६० या मॉड्यूलवर २ पासून ६४ पर्यंतचे असे सहा आउटपुट आहेत.

सांधा केव्हा बदलावा?

आता सर्वांत अवघड प्रश्न. ढोलाला 'क' जोडला आहे आणि वाजवता वाजवता 'ख' वर जायचे आहे. दोन इनपुट आणि एक आउटपुट असलेला स्विच मधे घातला आणि हवे तेव्हा फिरवला. झाले काय? फिरवण्याच्या क्षणी 'क' ० होता आणि 'ख' १ होता. आउटपुट ० वरून १ वर गेला, चढती कड तयार झाली आणि ढोल वाजला. हा ठोका 'क'चाही नव्हता आणि 'ख'चाही नव्हता, कारण 'ख' तर आधीच वर जाऊन बसला होता. तो ठोका स्विचने जन्माला घातला.

उलटही होते. 'क' नुकताच वर गेला आणि त्याच क्षणी आपण 'ख'च्या ० वर गेलो, तर १ चा एक बारीकसा तुकडाच बाहेर पडतो. तो एखाद्या मॉड्यूलला जाणवतो, एखाद्याला नाही. त्यात हाताने फिरवायच्या स्विचची आणखी एक खोड असते. त्याच्या धातूच्या पट्ट्या टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका कडेच्या जागी चार-पाच कडा पाठवतात. भरगच्च वाजणाऱ्या रचनेत ऐकणाऱ्याला एवढेच जाणवते की लय चुकली. ती कोणी चुकवली हे सापडत नाही, कारण प्रत्येक मॉड्यूल आपापले काम बिनचूक करत असते.

रेल्वेत सांधा बदलण्याचा नियम आठवू. गाडी सांध्यावर असताना तो हलवता येत नाही; तशी कुलपाची योजनाच केलेली असते. सांधा बदलण्याची इच्छा आणि तो प्रत्यक्ष बदलण्याचा क्षण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या असतात. इथेही तेच करायचे. आपला हात स्विच फिरवत नाही, तो फक्त विनंती नोंदवतो. ही विनंती 'डी' प्रकारच्या फ्लिप-फ्लॉपला द्यायची. क्लॉकची ठरलेली कड आली की तो त्या क्षणी इनपुटवर जे असेल ते आत घेतो आणि पुढच्या कडेपर्यंत तेच धरून ठेवतो. 'क' आणि 'ख' एकाच क्लॉकवर चालणारे असतील आणि वर सांगितल्याप्रमाणे क्लॉकशी 'आणि' केलेले असतील, तर ठोक्याच्या उत्तरार्धात दोघेही ० असतात. त्या वेळी सांधा बदलला की ० वरून ० वरच जाणे होते. कड नाही, म्हणून खोटा ठोकाही नाही.

क्लॉकच्या जागी 'क आणि ख' हा संकेत या फ्लिप-फ्लॉपला दिला तर? मग त्याची उतरती कड समेच्या ठोक्यापाशीच येईल आणि बदलही तिथेच होईल. बोल बदलण्यासाठी तबलजी समेची वाट पाहतो ते हेच. दोन्ही संकेतांची क्लॉक वेगवेगळी असतील तर नियम थोडा कडक करावा लागतो : आधी पहिला ० वर येऊन बंद होऊ द्यावा, मग दुसरा ० वर असताना चालू करावा.

वर्गात करून पाहण्यासाठी

सिंथेसायझर नसला तरी हे सारे वर्गात करता येते. एका विद्यार्थ्याने टेबलावर ठोके द्यावेत. 'क' ने पहिल्या ठोक्याला आणि मग दर तिसऱ्या ठोक्याला हात वर करावा. 'ख' ने तसाच दर चौथ्या ठोक्याला. तिसऱ्याने दोघांचे हात वर दिसले तरच टाळी द्यावी, चौथ्याने कोणाचाही एक दिसला तरी, आणि पाचव्याने नेमका एकच दिसला तर. मग 'क' आणि 'ख' यांना हात पूर्ण ठोकाभर वर ठेवायला सांगावे आणि चौथ्याला 'आधी कोणाचाच हात वर नसून आता कोणाचा तरी वर गेला तरच टाळी' असा नियम द्यावा. सहाच्या चार टाळ्या झालेल्या मुले स्वतःच पकडतील.

डायोडचा प्रयोगही स्वस्त आहे. ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचे दोन रोध, १०० किलोओहमचा एक रोध, दोन साधे सिलिकॉन डायोड आणि मल्टिमीटर एवढे पुरे. १ किलोओहमच्या रोधांची एकेक टोके एकत्र जोडा. उरलेल्या टोकांपैकी एक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे ऋण टोकाला जोडा. जोडावर बॅटरीच्या निम्मा दाब दिसेल. आता जोड सोडवून प्रत्येक रोधाला पुढे एकेक डायोड जोडा. डायोडांची पट्टा असलेली टोके एकत्र जोडून तिथून ऋण टोकापर्यंत १०० किलोओहमचा रोध लावा. जोडावर साडेआठ व्होल्टच्या आसपास दाब दिसेल. डायोडांऐवजी तारा लावल्यावर काय होते, तेही मोजून पाहावे.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न. 'क' दर चौथ्या आणि 'ख' दर सहाव्या ठोक्याला घेतला, तर २४ ठोक्यांत 'आणि', 'किंवा' व 'दोघांपैकी एकच' यांचे किती ठोके पडतील? ४ × ६ = २४ असूनही सम २४ ठोक्यांत दोनदा येते. ती का, हे त्यांनी टाळ्या देऊन शोधावे आणि मग कागदावर सिद्ध करावे.